नोकरीनिमित्त रत्नागिरीत आलोय, गणपतीपुळे दोनदा झालं. रविवारी अजून कुठे जाता येईल?

तुम्ही लिहिलंय की तीन महिने झाले, घरी माळकरी आईवडील आहेत, सात वर्षांची मुलगी आहे, आणि दर रविवारी 'पुन्हा पुळेच का?' यावरून वाद होतो. मी जन्मापासून इथलाच. स्थळांची यादी कुठेही मिळेल, पण ती हातात घेऊन फिरणारे लोक भर बारा वाजता भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत छत्री घेऊन उभे दिसतात. आमच्याकडे आधी वेळ ठरते, मग जागा.

म्हणून पहिलं काम, भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघायची. तिथीचा आकडा पाऊणपट करा, भरतीची वेळ आली. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराला. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. थोडं मागेपुढे होतं, पण फिरायला जाण्यापुरतं पुरतं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या रविवारी संध्याकाळी भाट्याला पाणी पार आत गेलेलं असतं आणि ओल्या कडक वाळूवर आईवडिलांनाही आरामात चालता येतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे छोटी भरती-ओहोटी असते, पाणी फारसं हटत नाही, त्यात भरती नेमकी संध्याकाळची. त्या रविवारी किनाऱ्याऐवजी उंचावर जा. थिबा पॉइंटवरून खाली काजळी नदी, भाट्याचा पूल आणि भरलेली खाडी दिसते. ओहोटीला तिथून नुसता चिखल दिसतो.

मुलीसाठी मांडवी. रत्नदुर्गाच्या डोंगराच्या एका अंगाला पांढरा समुद्र, दुसऱ्या अंगाला मांडवीचा काळा. जाताना लोहचुंबक न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या काळ्या वाळूत फिरवायचं, पिशवीला मिशा फुटतात. या वाळूत इल्मेनाइट आणि लोहखनिज आहे. माझी भाची एकदा दीड तास तेवढंच करत बसली होती, आम्ही भेळ खाऊन पुन्हा भेळ मागवली. झाडगावच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडाही आहे, तो पावसाळी दुपारसाठी राखून ठेवा.

थिबा पॅलेस तुम्ही बाहेरून पाहिला असेलच. थिबा या ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला तो 1910 च्या सुमारास, आणि 1916 मध्ये राजा गेला. तीस वर्षांच्या नजरकैदेतली जेमतेम सहा वर्षं त्याला हा वाडा मिळाला. हे डोक्यात ठेवून वरच्या मजल्यावरच्या अर्धगोल खिडक्यांपाशी उभं राहा, मग बघण्यात फरक पडतो. शिवाजीनगरात त्याची आणि धाकट्या राणीची समाधी आहे. तिथे बहुतेक वेळा कोणी नसतं. 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष येऊन गेले तेव्हा कित्येक रत्नागिरीकरांना ती जागा पहिल्यांदा कळली. मलासुद्धा.

टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान आणि पतितपावन मंदिर एका सकाळचं काम आहे, चालत होतं. मंदिर भागोजी कीरांनी 1931 मध्ये बांधलं, सावरकर इथे स्थानबद्ध असतानाच्या काळात.

आता माझी आवडती जागा, उक्षीचं कातळशिल्प. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरच्या, जांभ्यात कोरलेला हत्ती, भोवती गोल कठडा. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. मी पुण्याच्या मावशीला मोठ्या फुशारकीने तिथे घेऊन गेलो, मे महिन्यात, दुपारी पाऊणला. मावशी कठड्याला धरून दोन मिनिटं खाली बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, हत्ती कुठाय?" मी बोट दाखवतोय, ही सोंड, हा पाय, पण खरं सांगायचं तर मलाही धड दिसत नव्हता. ऊन डोक्यावर असलं की रेघेत सावलीच पडत नाही, सगळा कातळ एकसारखा तांबूस-करडा. गुरं घेऊन चाललेला एक म्हातारा थांबला. "आता काय दिसनार? उन्हं कलली की या." आम्ही गावात जाऊन चहा घेतला, झाडाखाली बसलो, साडेपाचला परत आलो. कोरीव रेघांत काळी सावली भरली होती आणि हत्ती आख्खा उठून आला होता. आधी पाठीची रेघ, मग सोंड. मावशी नंतर दुपारच्या उन्हाबद्दल मला वर्षभर ऐकवत होती, पण फोटो मात्र तिने सगळ्यांना पाठवला.

आईवडिलांना पावस. तिथे स्वामी स्वरूपानंदांचं समाधिमंदिर आहे. ज्ञानेश्वरी साध्या अभंगांत आणणारे स्वामी, त्यामुळे माळकऱ्यांना वेगळं काही सांगावं लागणार नाही. सकाळी लवकर निघा. भाट्याचा पूल ओलांडला की समुद्र बराच वेळ सोबत असतो. तसंच थोडं पुढे गणेशगुळे. 'गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला' अशी आमच्याकडे म्हण आहे. म्हणजे तुमच्या घरचा वादही मिटतो, पुळ्याला न जाता मूळच्या घरी जाऊन आलात.

आरे-वारेचा रस्ता गाडीतून जितका देखणा, तितकाच तो समुद्र पोहायला वाईट. वरून बघा, चणे खा, परत या. मिरकरवाडा बंदरातला मासळीचा लिलाव तुमच्याकडे चालणार नाही असं दिसतं. समजा कोणाला न्यायचंच असेल तर जून-जुलै सोडून, तेव्हा मासेमारी बंद असते. निवसरच्या बाजूला कोकण रेल्वेचा पानवल नदीवरचा पूल आहे, 64 मीटर उंच. मुलीला पॅसेंजरने त्यावरून एकदा न्याच, खिडकी मात्र आधी पकडा.

आणि गणपतीच्या आगेमागे एक रविवार कुठल्याही सड्यासाठी मोकळा ठेवा. मे महिन्यात जो कातळ तव्यासारखा असतो त्यावर तेव्हा 'सीतेची आसवं' या जांभळ्या रानफुलांचा गालिचा असतो. बूट घट्ट पकडीचे घाला, शेवाळ फार असतं. मी दरवर्षी एकदा तरी आपटतो.