अपस्माराच्या प्रयोगात विस्टार उंदीर घेतले काय आणि स्प्राग-डॉली घेतले काय, फरक पडतो का?

पडतो, आणि तो किरकोळ नसतो. पेपरमधला पायलोकार्पिनचा (प्रयोगात झटके आणण्यासाठी देतात ते औषध) डोस तुमच्या उंदरांना लागू पडत नाही, काहींना झटकेच येत नाहीत आणि काही दगावतात, असं तुम्ही लिहिलंय. डोसवर शंका घेण्याआधी त्या पेपरातले उंदीर कोणत्या स्ट्रेनचे (वंशाचे) आणि कुठल्या पुरवठादाराचे होते ते बघा. विस्टार आणि स्प्राग-डॉली हे दोन्ही स्ट्रेन आउटब्रेड आहेत, म्हणजे त्यांतले उंदीर जनुकीयदृष्ट्या एकसारखे नसतात. नाव एकच असलं तरी वेगवेगळ्या ठिकाणी पिढ्यानपिढ्या वाढलेले उंदीर पायलोकार्पिनला सारखा प्रतिसाद देत नाहीत; हानोव्हरचे संशोधक ल्योशर यांच्या गटाने हे नीट दाखवलंय.

मला सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं ते स्ट्रासबर्गच्या गेअर्स उंदरांचं. तिथल्या साध्या विस्टार कॉलनीत सुमारे ३० टक्के उंदरांच्या ईईजीत (मेंदूच्या विद्युत लहरींच्या नोंदीत) आपोआप स्पाइक-वेव्ह, म्हणजे झटक्यावेळी दिसणाऱ्या टोकदार लहरी, दिसल्या. त्यांच्यातूनच निवड करत हा स्ट्रेन तयार झाला. उंदीर क्षणभर थबकतो, मिशा थरथरतात आणि ईईजीत सेकंदाला ७ ते ११ लहरी उमटतात. माणसाच्या अ‍ॅबसन्स झटक्यात (क्षणभर भान हरपतं तो प्रकार) त्या साधारण ३ असतात. पण याच गेअर्सच्या अमिग्डालाला (मेंदूतला एक भाग) किंडलिंग करायला घ्या, म्हणजे तिथे पुन्हा पुन्हा सौम्य विद्युत उत्तेजना देऊन झटके वाढवायला बघा, झटका सहजासहजी पूर्ण शरीरभर पसरत नाही! म्हणजे एका प्रकारच्या झटक्यांना बळी पडणारा मेंदू दुसऱ्या प्रकाराला चिवट विरोध करू शकतो. म्हणून ‘हा स्ट्रेन अपस्माराला संवेदनशील आहे’ असं मोघम वाक्य मला पटत नाही. कोणत्या मॉडेलमध्ये, ते सांगायलाच हवं.

कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे उंदीर, निवडताना तर फार जपा. गेअर्ससाठी त्याच मूळ कॉलनीतून झटके नसलेला वेगळा स्ट्रेन जोपासलाय. वॅग-राय या अ‍ॅबसन्स झटके येणाऱ्या दुसऱ्या स्ट्रेनच्या उंदरांसमोर मात्र कंट्रोल म्हणून अनेकदा एसीआय हा वेगळाच स्ट्रेन ठेवतात, आणि त्या दोघांत झटक्यांखेरीजही बरंच काही वेगळं असतं. शिवाय लाँग-इव्हान्स (आणखी एक स्ट्रेन) आणि स्प्राग-डॉली उंदरांतही आपोआप स्पाइक-वेव्ह दिसतात. ‘नॉर्मल’ उंदीर म्हणून त्यांना गृहीत धरू नका, औषध देण्याआधीचा ईईजी घ्याच.

आधी थोड्या उंदरांवर स्वतःचा डोस ठरवा. मोठ्या गटाला उसना डोस देऊन निम्मे जीव वाया घालवणं मला अजिबात मान्य नाही. लिंग, वय, वजन आणि पुरवठादार सगळं नोंदवा. पुरवठादार मध्येच बदलू नका. नाइलाज झालाच तर कंट्रोल गटही नव्याने घ्या, जुन्या आकड्यांशी तुलना करू नका.