'हायपोथेटिकल प्रोटीन' म्हणजे ते प्रोटीन नसतंच का?

तुम्ही विचारलंय, बॅक्टेरियाच्या जीनोममध्ये, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनएच्या नोंदीत, जागोजागी 'हायपोथेटिकल प्रोटीन' लिहिलेलं दिसतं, ते काल्पनिक समजायचं का? नाही. डीएनएत सुरुवातीचा कोडॉन (तीन अक्षरांची खूण), थांबायचा कोडॉन आणि मधे पुरेशी लांब सलग ओळ दिसली की सॉफ्टवेअर म्हणतं, इथे जनुक असावं. त्याच्याशी जुळणारं ओळखीचं प्रोटीन डेटाबेसमध्ये मिळालं नाही की हा शिक्का बसतो. पेशीत ते भरपूर बनतही असेल. काय करतं, हे कुणी तपासलेलं नसतं.

इ. कोलाय हा सगळ्यात पिंजून काढलेला जीवाणू. 1997 मध्ये त्याच्या के-12 जातीचा जीनोम पूर्ण झाला तेव्हा सुमारे 4,300 जनुकांपैकी 38 टक्क्यांचं काम अज्ञात होतं. 2019 च्या मोजणीतही जवळपास एक तृतीयांश जनुकांना प्रयोगाचा आधार नव्हता. 2016 मध्ये एका वेगळ्याच जीवाणूची, जगायला आणि वाढायला लागतात तेवढीच 473 जनुकं ठेवून एक पेशी बनवली, तर त्यातल्याही 149 जणांचं नेमकं काम माहीत नव्हतं!

पीएचडीत मी असंच एक जनुक काढून टाकलं होतं. प्लेटवर कॉलन्या अगदी मूळ स्ट्रेनसारख्या. आठ महिने गेले आणि हाती शून्य. आता वाटतं, मीच त्यांना पोटभर खाऊ घालत होतो. उपासमारीत किंवा आम्लात लागणारं जनुक तिथे कशाला दिसेल? शिवाय एखादं जुळं जनुक त्याचं काम उरकत असेल तर तेही कळत नाही.

पण माझ्या मते 'हायपोथेटिकल' हा शिक्का निदान प्रामाणिक आहे. फसवतात ती नाव मिळालेली जनुकं. थोडंसं साम्य दिसलं म्हणून एकाला नाव चिकटतं, त्यावरून दुसऱ्याला, दुसऱ्यावरून तिसऱ्याला, आणि प्रयोग कुणीच केलेला नसतो. क्रिस्परच्या (बॅक्टेरियाच्या डीएनएतल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यांच्या पट्ट्याच्या) शेजारची जनुकं 2002 मध्ये नुसत्या क्रमावरून आणि शेजाऱ्यांवरून डीएनए दुरुस्तीची वाटली होती. ती विषाणूंपासून संरक्षण करतात हे 2007 मध्ये प्रयोगानं दाखवलं गेलं.

म्हणून तुमच्या जनुकाला नाव असलं तरी डेटाबेसमध्ये त्याच्या कामापुढे लिहिलेला पुराव्याचा कोड बघा. 'आयईए' असेल तर ते यंत्रानं लावलंय, 'आयडीए' असेल तर कुणीतरी थेट प्रयोग करून तपासलंय.