ब्लूबेरी आणायलाच हवी का? फळं-भाज्यांतली अँटिऑक्सिडंट, जीवनसत्त्वं आणि शिजवताना जाणारा भाग

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: अँटिऑक्सिडंटसाठी (पेशींचं नुकसान रोखायला मदत करणारी द्रव्यं, क जीवनसत्त्वही त्यांतलंच) ब्लूबेरी आणायलाच हवी का, आपल्याकडच्या कोणत्या फळं-भाज्यांत ती भरपूर असतात, आणि भाजी शिजवल्यावर त्यातलं काही उरतं का.

ब्लूबेरीचं आधी. आवडत असेल तर खा, औषध म्हणून आणू नका. 100 ग्रॅम ब्लूबेरीत क जीवनसत्त्व जेमतेम 10 मिलिग्रॅम असतं, तेवढ्याच पेरूत 200 च्या वर. तिचं नाव झालं ते निळ्या-जांभळ्या रंगामुळे, म्हणजे अँथोसायनिनमुळे. जांभळात त्याच कुळातली रंगद्रव्यं आहेत. जीभ जांभळी होते ती त्यांच्यामुळेच, आणि ती मुख्यतः सालीत असतात. कोकमाचा लाल रंगही अँथोसायनिनचाच. बिटाचा आणि लाल माठाचा रंग मात्र वेगळ्या रसायनाचा, बीटालेनचा.

आता 'सर्वाधिक अँटिऑक्सिडंट असलेले पदार्थ' अशा ज्या याद्या फिरतात त्यांच्याबद्दल. त्यातले बरेच आकडे 'ओरॅक' नावाच्या चाचणीचे असतात. ही परीक्षानळीतली चाचणी. पोटात गेल्यावर त्यातलं किती शोषलं जातं, हे ती सांगत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने स्वतःच प्रसिद्ध केलेली अशी यादी 2012 मध्ये याच कारणाने काढून टाकली. शिवाय या याद्या 100 ग्रॅमच्या हिशेबाने असतात, त्यामुळे लवंग, दालचिनी, हळद वर जाऊन बसतात. 100 ग्रॅम लवंग कोण खातं? भाजीत पडतात त्या दोन-चार, त्यांचं वजन अर्धा ग्रॅमसुद्धा भरत नाही.

म्हणून हिशेब ताटात पडणाऱ्या मापाने करावा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे क जीवनसत्त्व पुरुषांना रोज 80 आणि स्त्रियांना 65 मिलिग्रॅम लागतं. दीडशे ग्रॅमच्या एका पेरूत सुमारे 300 मिळतं, म्हणजे अर्ध्या पेरूत दिवस निघतो. साल काढू नका, क जीवनसत्त्व साल आणि तिच्या लगतच्या गरात जास्त असतं. आवळ्याचा आकडा जुन्या पुस्तकांत 100 ग्रॅमला 600 आहे, तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात अडीचशेच्या आसपास. जात, पक्वता, साठवण आणि मोजण्याची पद्धत बदलली की आकडा बदलतो. कमी आकडा धरला तरी एका मध्यम आवळ्यात दिवसाची बरीचशी गरज भागते. कोकणात काजू काढून घेतल्यावर जी बोंडं बऱ्याचदा टाकून देतात, त्यांत क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असतं. घसा धरतो तो टॅनिन या तुरट द्रव्यामुळे. फोडी मिठाच्या पाण्यात ठेवून खाल्ल्या तर तो त्रास कमी होतो. सिमला मिरची कच्ची खाल्ली तर तीही चांगली. सफरचंद आणि केळं या बाबतीत अगदी सामान्य.

लिंबाची गंमत अशी की नाव मोठं, पण अर्ध्या लिंबाच्या रसात 4-5 मिलिग्रॅमच येतं. तरी पोह्यांवर पिळायचंच, कारण धान्यातलं आणि पालेभाजीतलं लोह शोषायला क जीवनसत्त्वाची मदत होते. सोबत पेरूच्या दोन फोडी असतील तर जास्त. पण लगेच वर चहा प्यायलात की चहातलं टॅनिन तेच लोह धरून ठेवतं. चहा तासाभराने घ्या.

शिजवण्याचा प्रश्न खरा महत्त्वाचा. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, उष्णतेने आणि हवेने नासतं. पालेभाजी चिरून मग धुतली की बरंच तिथेच मोरीत जातं. आधी अख्खी पानं दोन-तीन पाण्यांतून काढा, निथळा, मग चिरा, आणि चिरली की लगेच फोडणीला टाका. सकाळी चिरून ठेवलेली कोबी संध्याकाळी करायची, हे नको. चिरताना पेशी फुटतात आणि त्यांतलं एन्झाइम हवेच्या साथीने क जीवनसत्त्व संपवत राहतं. उकडून पाणी ओतून देण्यापेक्षा वाफवणं बरं. पाणी घातलंच तर ते आमटीत किंवा कणीक भिजवायला वापरा. हिरवा रंग टिकावा किंवा लवकर शिजावं म्हणून चिमूट सोडा टाकतात, तो क आणि ब-1 दोन्ही मारतो. लिंबू नेहमी गॅस बंद केल्यावर पिळा. कुकरला उगाच घाबरू नका. तापमान जास्त असलं तरी वेळ कमी लागतो आणि आत हवा फारशी नसते.

आवळ्याला तांब्या-लोखंडाचं भांडं लावू नका. तांबं क जीवनसत्त्वाचा नाश वेगाने करतं, आणि लोखंडात आवळ्याच्या टॅनिनमुळे सगळं काळं पडतं. स्टीलच्या किसणीवर किसा आणि काचेच्या बरणीत भरा. मोरावळा चवीला उत्तम, पण पाकात बराच वेळ आटवल्यावर त्यात क जीवनसत्त्व ताज्या आवळ्याइतकं राहत नाही. वर्षभरासाठी हवा असेल तर बिया काढून फोडी हवाबंद पिशवीत फ्रीझरमध्ये टाका आणि न वितळवता थेट चटणीत वाटा.

अ जीवनसत्त्वाचा मामला उलटा. शेवग्याचा पाला, कढीपत्ता, लाल माठ, पालक, गाजर, लाल भोपळा, पिकलेला आंबा यांत बीटा-कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते रंगद्रव्य, असतं. ते पाण्यात नाही, तेलात विरघळतं. शिजवल्याने पेशी मऊ होऊन ते जास्त सुटतं, आणि सोबत तेल-तूप नसेल तर नीट शोषलं जात नाही. म्हणून नुसत्या गाजराच्या रसापेक्षा फोडणी आणि दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर सरस. कढीपत्ता ताटाच्या कडेला काढून ठेवत असाल तर चटणीत वाटून टाका. टोमॅटोतलं लायकोपीन हे लाल रंगद्रव्यही असंच: कांदा-टोमॅटोचा मसाला तेल सुटेपर्यंत परतला की ते कच्च्या टोमॅटोपेक्षा चांगलं मिळतं, क जीवनसत्त्व मात्र घटतं. तेव्हा थोडं कच्चं, थोडं शिजलेलं.

कांद्यातलं क्वेर्सेटिन हे अँटिऑक्सिडंट बाहेरच्या पाकळ्यांत जास्त असतं, तेव्हा सोलताना चांगली पाकळी काढून टाकू नका. पांढऱ्या कांद्यात ते फारच कमी, अलिबागचा कितीही गोड लागला तरी.

ब-12 फळं-भाज्यांत नसतं, ड जीवनसत्त्वही त्यांच्यावर भागत नाही. पूर्ण शाकाहारी असाल तर ब-12 तपासून घ्या.

'मग गोळ्याच घेतल्या तर?' असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन देऊन पाहिलं. 1994 मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण 18 टक्क्यांनी जास्त निघालं. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर अशी गोळी त्यांना मुळीच नको. किडनी स्टोनचा इतिहास असलेल्यांनी क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्याही टाळाव्यात. आणि वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारं औषध चालू असेल तर पालेभाजी बंद करायची नसते, फक्त तिचं प्रमाण आठवडाभर साधारण सारखं ठेवायचं. एकदम वाढवायची किंवा सोडायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.