कंबोडियात ख्मेर रूजसारखी राजवट सत्तेवर आलीच कशी?

फ्रेंच १९५३ मध्ये गेले, पण पुढची बरीच वर्षं ख्मेर रूज म्हणजे जंगलातले मूठभर कम्युनिस्ट बंडखोर. पारडं फिरलं १९७० मध्ये. पंतप्रधान लॉन नोलने राष्ट्रप्रमुख आणि माजी राजे सिहानूकना पदावरून हटवलं आणि चिडलेल्या सिहानूकनी थेट बीजिंगहून रेडिओवर लोकांना ख्मेर रूजच्या साथीने लढ्याची हाक दिली. खेड्यातल्या शेतकऱ्याला ख्मेर रूजचा नेता पोल पॉट ठाऊकच नव्हता. तो निघाला तो राजाच्या शब्दाखातर! त्यात १९७३ पर्यंत अमेरिकेची बॉम्बफेक, म्हणजे आगीत तेलच. १७ एप्रिल १९७५ ला राजधानी नॉम पेन्ह ख्मेर रूजच्या हाती पडलं आणि लगेच शहर रिकामं करायला सुरुवात झाली. इस्पितळातले रुग्णसुद्धा खाटांसकट रस्त्यावर. १९७९ पर्यंत अंदाजे १५ ते २० लाख माणसं मेली. व्हिएतनामने हुसकावल्यावरही संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची खुर्ची मात्र ख्मेर रूजकडेच राहिली, हे तर फारच संतापजनक.