आहेराच्या वहीपासून सुरुवात कर

अगं पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. इचलकरंजीतलं लहानपण, गल्लीतल्या मैत्रिणी, बाबांचे यंत्रमाग, आईची भिशी, या सगळ्यावर सलग काहीतरी लिहायचंय आणि कित्येक महिने पहिल्या पानापुढं गाडी सरकत नाही म्हणतेस. सोबत पाठवलेलं ते पहिलं पानही वाचलं. "ते दिवस किती सोनेरी होते" या वाक्यावर ते थांबलंय, आणि थांबणारच, कारण एवढं म्हटल्यावर पुढं सांगायला काही उरत नाही.

मला सांगायचंय ते एकच आहे, बाकी सगळं त्याच्याच पोटात येतं. तू हे पुण्यातल्या फ्लॅटवर एकटी बसून, नुसतं आठवून आठवून लिहायला बघतेयस. तुझं लहानपण तुझ्या एकटीच्या डोक्यात नाहीये गं. त्यातलं निम्मं आईकडं आहे, काही त्या मैत्रिणीकडं आहे जी जयसिंगपूरला दिलीय, काही शेजारच्या आक्कांकडं आहे ज्यांना आता ऐकू कमी येतं, आणि बाबांच्या मागांवर असलेल्या त्या कामगाराकडं आहे ज्याला तू लहानपणी मामा म्हणायचीस. त्यांच्याकडं जा, बस, विचार. लिहिणं नंतर, आणि हे विचारणं पुढच्या वर्षावर ढकलू नकोस, आक्कांचं वय बघ.

विचारायला जाताना रिकाम्या हातानं जाऊ नकोस, काहीतरी वस्तू घेऊन जा. तुमच्या घरी आईबाबांच्या लग्नातली आहेराची वही असणारच, माळ्यावर नाहीतर कपाटात साड्यांच्या खाली, ती शोध. आमच्याकडं माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नातली वही आहे, १९७९ ची. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानदार हिशोबाला वापरतात तसली. पहिल्या पानावर श्री, त्याखाली कुंकवाचं बोट, आणि मग ओळीनं नाव, गाव, आहेर. कुणाचे ५ रुपये, कुणाचे ११, कुणाचं स्टीलचं ताट, कुणाचा खण-नारळ, एका ठिकाणी नुसतं "पातेले (लहान)". अक्षर माझ्या काकांचं. डाव्या समासात मात्र निळ्या पेनाच्या बारक्या खुणा आहेत आणि त्या आईच्या, पुढं कितीतरी वर्षं तिनं केलेल्या. वहीतल्या कुठल्या घरात लग्न निघालं की ती वही काढायची, त्यांनी आपल्याला काय घातलं होतं ते बघायची, त्याच्यापेक्षा थोडा वरचढ आहेर करायची आणि घरी येऊन खूण मारायची. काही नावांपुढं खूणच नाही. मी तिला सहज विचारलं की यांचं काय राहिलं, तर संध्याकाळपर्यंत ती बोलत बसली. एका घराशी बांधावरून बोलणं बंद झालेलं. एकांच्या मुलीचं लग्नच झालं नाही, आणि त्या घरी मग आहेर न्यायचा तरी कशाच्या निमित्तानं. एक लांबचे दीर मुंबईला लालबागमध्ये, गिरणीत कामाला. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि त्या धांदलीत यांनी खोली सोडली ती सोडलीच. "आहेर न्यायला घरच सापडलं नाही," आई म्हणाली. गिरणी संपाबद्दल मी बरंच वाचलं होतं, पण तो आमच्या घराला कुठं येऊन लागला होता हे मला त्या वहीतल्या रिकाम्या समासानं सांगितलं.

तुझ्या आईपुढं अशी वही ठेव आणि फोनचा रेकॉर्डर चालू करून बाजूला ठेवून दे. तिला आधी सांग मात्र, चोरून रेकॉर्ड करायचं नाही, घरच्यांचं तर अजिबात नाही. समोर बसून मुलाखत घेतेयस असं करू नकोस, ती भाजी निवडत असू दे, तू पण दोन शेंगा निवड. आणि "तेव्हा तुला कसं वाटायचं" असले प्रश्न नकोत, त्याला उत्तर एकच येतं, "काय वाटायचंय, चाललंच होतं." त्यापेक्षा विचार की भिशी कितीची होती, पहिली उचलली तेव्हा त्या पैशाचं काय केलं, कांड्या, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या, भरायला येणाऱ्या बायका डबा कुठं बसून खायच्या, रात्रपाळी असली की बाबांचं जेवण कोण न्यायचं. उत्तर देता देता कसं वाटलं ते तिचं तीच सांगेल.

बाबांबद्दल तू एकच ओळ लिहिलीयस, "बाबा तापट होते." ही ओळ खरी असेल, पण वाचणाऱ्याला त्यातून काही दिसत नाही. तुझे बाबा खर्चीवाले. म्हणजे माग त्यांचे, जागा त्यांची, वीजबिल त्यांचं, पण सूत व्यापाऱ्याचं आणि कापडही व्यापाऱ्याचं, बाबांच्या हातात येणार ती मजुरी, आणि ती पिकावर. एका इंचात आडवे धागे किती पडतात ते पिक, आणि दर पिकामागं मीटरला इतके पैसे, तेही रुपयात नाहीत, पैशात. दोन पैसे दर उतरला तर घरात काय व्हायचं, वीजदर वाढला तर काय व्हायचं, हे नागपूर किंवा कणकवलीच्या वाचकाला कसं कळणार? तुला हे लहानपणापासून माहिती म्हणून ते लिहायचं तुझ्या ध्यानातच येत नाहीये. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला इथपासून आता साधे माग भंगाराच्या भावानं गेले इथपर्यंत सगळा इतिहास घालत बसू नकोस, तो एका परिच्छेदात बसतो. पण बाबा मागाच्या खात्यातून, म्हणजे माग चालायचे त्या शेडमधून, घरात यायचे तेव्हा केसांवर आणि भुवयांवर कापसाची पांढरी लव असायची आणि ते जरा मोठ्यानंच बोलायचे, कारण दिवसभर त्या खडखडाटात तसंच बोलावं लागतं, आणि तुम्हा पोरींना ते ओरडणंच वाटायचं, हे तूच मला कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतंस. लिहिलंस का ते? नाही. हे लिही.

तसंच ते लाईट जाण्याचं. तू म्हणालीस, मागांच्या आवाजात तुम्ही गाढ झोपायचात आणि लाईट गेली, माग बंद पडले की त्या शांततेनं जाग यायची, मग अख्खी गल्ली बाहेर कट्ट्यावर, आणि तुमची मैत्री झाली ती तिथंच, शाळेत नव्हे. यातून एक पूर्ण प्रकरण निघतंय बघ. कट्ट्यावर कोण कुठल्या पायरीवर बसायचं? कुणाला लवकर हाक यायची घरातून? कानडी बोलणाऱ्या कोष्ट्यांच्या घरातली ती मैत्रीण आईला उत्तर कानडीत द्यायची आणि लगेच वळून तुमच्याशी मराठीत भांडायची, तो सीन मला डोळ्यासमोर दिसतोय, तुझ्या पानावर मात्र नाहीये.

आता मैत्रिणींकडून कसं काढायचं ते सांगते. तिघींनी वेगवेगळ्या बसून गल्लीचा नकाशा काढा, हातानं, साध्या कागदावर. कुठलं घर कुणाचं, नळ कुठं, पिठाची गिरणी कुठं, कुठलं कुत्रं चावायचं. मग तिन्ही कागद शेजारी ठेव. जुळणार नाहीत, आणि जिथं जुळत नाहीत तिथं थांबून बोला. एकीच्या नकाशात एखादं घर नसेलच, कारण त्या घरी तिला जायची मनाई होती. हे तुला कदाचित आज पहिल्यांदा कळेल. कुणाच्या घरी तू सरळ माठात तांब्या बुडवायचीस आणि कोण तुमच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून पाणी मागायचं, हेही लिहायचं. मैत्रीच्या गोड आठवणी लिहिताना ही गोष्ट वगळलीस तर ज्या मैत्रिणीला उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागलं तिनं तुझं लिखाण काय म्हणून वाचायचं?

तारखा आठवत नाहीत म्हणून घाबरतेस, त्याचं टेन्शन घेऊ नको. सगळ्यांना माहिती असलेल्या तारखा धर आणि त्यांच्या पुढंमागं आपल्या गोष्टी लाव. पंचगंगेचा २००५ चा पूर तुझ्या आईला धरता येईल, तू तेव्हा अगदीच लहान. २ एप्रिल २०११, शनिवार, वर्ल्ड कपची फायनल, त्या रात्री तुम्ही कुणाच्या टीव्हीसमोर होतात? ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, कामगारांचा पगार रोखीत, त्या आठवड्यात बाबांनी काय केलं? आणि ऑगस्ट २०१९ चा पूर, तेव्हा तू पुण्यात होतीस की घरी? या तारखांना धरून विचारलंस की लोक "हां, त्याच्या आदल्या वर्षी" असं करत बरोबर सांगतात.

बोली तशीच ठेव. तुमच्याकडच्या पोरी "मी आलो, मी गेलतो" म्हणतात, ते "मी आले, मी गेले होते" करत बसलीस तर त्या तुझ्या मैत्रिणी राहणार नाहीत. निवेदन तुला जसं येतं तसं कर, पण त्यांच्या तोंडचं त्यांचंच राहू दे.

यानंतरचं जे आहे ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नववीत शाळा सोडून मागावर गेलेल्या तुझ्या त्या मित्राबद्दल तू लिहायचं ठरवलंयस, आणि तुझ्या मनात त्याच्याबद्दल हळहळ आहे, ते पत्रातही जाणवतं. पण नुसत्या हळहळीतून लिहिलंस तर तो बिचारा होऊन बसेल, आणि तो बिचारा नाहीये. त्याला काय येतं ते बघ. धागा तुटला की माग थांबवून, गाठ मारून, परत चालू करायला त्याला किती वेळ लागतो ते त्याच्या शेजारी उभी राहून बघ. शाळा सुटली त्याचं त्याला स्वतःला काय वाटतं ते विचार, त्याचं उत्तर तुला अपेक्षित असेल तसं नसेलही, आणि नसलं तरी तेच छाप. लिहून झालं की त्याला वाचून दाखव. पाठवू नकोस, वाचून दाखव, त्याच्या समोर बसून. तुझा आवाज कुठल्या वाक्याला अडखळतो ते तुलाच कळेल आणि ते वाक्य बदलायचं असतं. नाव बदलून भागत नाही गं आपल्या गावात, गल्ली आणि टोपणनाव सांगितलं की अर्ध्या गावाला माणूस कळतो. म्हणून सरळ विचार, हे बाहेर आलं तर तुझ्या घरी काय होईल? तो नको म्हणाला तर नको. तो भाग तुझ्या वहीत राहील आणि वहीत राहिलेलं लिखाण वाया गेलं असं समजू नकोस.

घरातल्या दुखऱ्या गोष्टींचं काय करायचं असं विचारलंयस, काकांबरोबरची वाटणी, बाबांचं कर्ज, त्या एका रात्रीचं भांडण. पहिल्या खर्ड्यात सगळं लिही, काहीही न गाळता, तो खर्डा वेगळा ठेव आणि कुणाला दाखवू नकोस, मलासुद्धा. काय ठेवायचं ते नंतर ठरव. कसं ठेवायचं याचा वस्तुपाठ आपल्याकडं आहे, लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे, १९३४ पासून भागाभागानं आलेली. शाळेचं तोंड न बघितलेली बाई, लग्नानंतर लिहायवाचायला शिकली, आणि वडलांचं सोवळ्याचं वेड, नवऱ्याचा तापटपणा, तो १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर झालेली ताटातूट, हे सगळं सांगते, पण कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही. तो माणूस त्या वेळी काय बोलला आणि काय केलं एवढं सांगते आणि पुढं जाते. बाबांवर लिहायच्या आधी त्यातली पन्नास पानं वाच, त्यांच्यासारखं लिहायला म्हणून नव्हे, राग असलेल्या माणसाबद्दल इतकं स्वच्छ लिहिता येतं याचा धीर यावा म्हणून.

बाकी किरकोळ. एका वेळी एकच दुपार नाहीतर एकच रात्र लिही, अख्खं बालपण एका बैठकीत पकडायला जाऊ नको. टायपिंगचा कंटाळा आला तर फोनवर मराठीत बोलून टाईप होतं, ते वापर, चुका नंतर काढ. रेकॉर्डिंगच्या फाईलींना नाव आणि तारीख घाल आणि दुसरीकडं कॉपी ठेव, फोन पाण्यात पडला की आईचा आवाज गेला. अनुक्रमणिका, मुखपृष्ठ, कुठल्या दिवाळी अंकाला पाठवायचं, हे आता डोक्यातून काढ.

आई पुढच्या महिन्यात तुझ्याकडं पंधरा दिवस राहायला येतेय ना, तिला आजच फोन करून सांग की येताना आहेराची वही, जुनं रेशनकार्ड आणि भिशीचं काही लिहून ठेवलेलं असेल तर ते घेऊन ये. ती म्हणेल "कशाला गं ती रद्दी". आण म्हणावं. आणि त्यातल्या खूण नसलेल्या नावांबद्दल तिला विचारलंस की काय निघालं ते मला कळव.

तुझ्या बाई