शेवटी कोण गातं यावरून मोठं कोण ते ठरत नाही

तुम्ही विचारलंय की अमेरिकन पॉप गायिका केशा आणि सिझर सिस्टर्स हा पॉप बँड यांच्या 2025 च्या अमेरिकेतल्या टूरला को-हेडलाइन, म्हणजे दोघंही बरोबरीचे मुख्य कलाकार, म्हणत होते पण शेवटी केशाच गायची, मग बँड बरोबरीचा कसा. दुसरं विचारलंय की अ‍ॅना मॅट्रॉनिक ही बँडची मूळ गायिका नसताना सिझर सिस्टर्स परत आले असं म्हणायचं का. इथपर्यंत ठीक आहे, पण खाली तुम्ही "बँड केशाच्या जिवावर आला" असं लिहून मोकळे झालात, आणि हेच वाक्य मी आमच्या गावात आमच्या तोंडावर ऐकलेलं आहे, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

पहिली गोष्ट, ते कोणाच्या जिवावर आलेले नाहीत. बँड न्यूयॉर्कचा, 2001 पासूनचा, पण त्यांना डोक्यावर घेतलं ते ब्रिटनने. 2004 चा त्यांचा पहिला अल्बम त्या वर्षी ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त खपला. 2006 मध्ये 'आय डोन्ट फील लाइक डान्सिन' तिथे पहिल्या नंबरला गेलं, त्यात एल्टन जॉनचा हात आहे आणि पियानोही त्याचाच. मी त्या काळात गोव्यात हॉटेलात कीबोर्ड वाजवायचो, चार्टर विमानाने येणारे इंग्लंडचे पाहुणे हे गाणं मागायचे आणि ते वाजवताना डावा हात किती दुखतो ते मला विचारा. 2012 मध्ये बँड थांबला. ऑक्टोबर 2024 मध्ये परत येतोय म्हणून जाहीर केलं आणि मे 2025 मध्ये ब्रिटन-आयर्लंडची टूर केली, पहिल्या अल्बमला वीस वर्षं झाली म्हणून, लंडनच्या ओटू अरीनासकट, आणि तिथे केशा नव्हती. अमेरिकेत मात्र त्यांचं नाव तेवढं कधीच झालं नाही, तिथे केशाचं नाव मोठं, 'टिक टॉक' 2009 चं आणि 2010 च्या सुरुवातीला नऊ आठवडे पहिल्या नंबरला. मग जुलै-ऑगस्टमध्ये दोघांनी मिळून अमेरिका केली, मॅडिसन स्क्वेअर गार्डनसकट. तिचीही ती नवी सुरुवातच होती, जुन्या निर्मात्याबरोबरचा 2014 पासूनचा कोर्टाचा वाद 2023 मध्ये तडजोडीने मिटला आणि 'पिरियड' हा अल्बम तिने 4 जुलै 2025 ला स्वतःच्या लेबलवर काढला. म्हणजे दोघांनाही दोघांची गरज होती.

को-हेडलाइनमध्ये शेवटी कोण याचे बरेच प्रकार असतात. जर्नी आणि डेफ लेपर्ड या दोन रॉक बँडनी 2018 ला आलटूनपालटून शेवट केला. एल्टन जॉन आणि बिली जोएल 1994 पासून एकत्र फिरले, ते आधी दोघं मिळून, मग आपापलं, मग परत दोघं मिळून. चार्ली एक्ससीएक्स आणि ट्रॉय सिव्हान या पॉप गायकांनी 2024 ला एकमेकांच्या मधेमधे गाणी घेतली. केशाच्या टूरला सरळ पद्धत होती, आधी बँड मग ती. बरोबरी बघायची तर ती चार ठिकाणी बघायची: पोस्टरवर अक्षरं एका मापाची आहेत का, गायला वेळ पुरेसा आहे का, साउंड चेक, म्हणजे कार्यक्रमाआधी वाजवून आवाज जुळवून घेणं, पूर्ण मिळतोय का, आणि लाइट-साउंड-स्क्रीन पूर्ण वापरायला मिळतायत का. सपोर्टला, म्हणजे मुख्य कलाकाराच्या आधी गायला, येणाऱ्याला अर्धा-पाऊण तास देतात, अर्धे लाइट देतात, साउंड चेक मिळाला तर मिळाला. को-हेडलाइनरला असं वागवता येत नाही. आमच्याकडे डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, पत्रिकेवर दोन्ही बुवांची नावं समोरासमोर छापतात, मध्ये 'विरुद्ध', आणि पहिली बारी ज्याची असेल तो बुवा लहान असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

आता आमचं सांगतो.

आमचा ऑर्केस्ट्रा कुडाळ-मालवण पट्ट्यातला. गणपती, नवरात्र, सत्यनारायणाच्या पूजा, हळदी, सगळं वाजवलं. मग ढोलकीवाला मुंबईला गेला, बेसवाला बोटीवर लागला, मी गोव्यात, गायिकेचं लग्न होऊन ती देवगडला गेली. भांडण नाही काही नाही, ग्रुप आपोआप थांबला. बऱ्याच वर्षांनी एकेक जण गावाकडे परतला, बसून वाजवायला लागलो, आणि तेवढ्यात गावच्या मंडळाने डिसेंबरातल्या महोत्सवासाठी विचारलं. मुंबईची एक गायिका आणणार होते, टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत दिसलेली, आणि तिच्याबरोबर आम्ही. मी तिथेच सांगितलं, सुपारी घेऊ पण दोघांचं नाव बरोबरीने आणि दोघांना सारखा वेळ, आणि हे मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहून घेतलं. मंडळाचा सगळा कारभार माझ्या मामेभावाकडे, तो म्हणाला होय होय.

फ्लेक्स लागला तेव्हा तिचा कमरेपर्यंत फोटो, खाली सरपंच, प्रायोजक, आणि अगदी तळाला मंडप, लाइट, जनरेटरवाल्याच्या रांगेत आमचं नाव. मी फोन केला, "आमचा नाव खय आसा?" तर म्हणतो, "आसा मा खाली." आम्ही तो फ्लेक्स उतरवायला लावला. नवा आला त्यात तिचं नाव डावीकडे आमचं उजवीकडे, अक्षरं सारखी. लोक म्हणाले एवढं काय नावाचं, तर नावाचंच आहे, वाजवणाऱ्याकडे दुसरं काय असतं.

कार्यक्रमाच्या दिवशी तिची मंडळी दुपारी आली आणि स्टेज धरून बसली. आमची साउंड चेकची वेळ पाचची, सहा वाजत आले तरी ड्रमसेट मधोमध आणि सगळे मॉनिटर, म्हणजे वादकांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून ठेवलेले स्पीकर, त्यांच्याकडे तोंड करून. साउंडवाल्याचा मिक्सर जुना, अ‍ॅनालॉग. डिजिटल असता तर एकाचं सेटिंग सेव्ह करून दुसऱ्याचं लावलं असतं, बटण दाबलं की परत. याच्यात एकदा नॉब फिरवला की आधीचं गेलं, म्हणून साउंडवाला आमच्यासाठी हात लावायलाच तयार नव्हता. मी मोबाइल काढला, टॉर्च लावून एकेका चॅनेलच्या नॉबचे फोटो काढले, वरून खालपर्यंत, आणि मास्किंग टेपवर पेनने खुणा केल्या, आणि म्हटलं आता फिरव, तिच्या वेळी हे बघून परत लाव. तेव्हा कुठे आमची लाइन चेक झाली, म्हणजे एकेका माइकचा, वाद्याचा आवाज येतोय का एवढं तरी बघून झालं. त्यात समुद्र जवळ, संध्याकाळ झाली की दव पडायला लागतं, कीबोर्डच्या पट्ट्या ओल्या होऊन बोट सरकतं, तर पंचाने पुसायच्या आणि वाजवायला बसेपर्यंत वर प्लास्टिक टाकून ठेवायचं. हे सगळं करून आम्ही वेळेत तयार होतो.

मग सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, मनोगत, परत शाल, परत मनोगत. आमचा सातचा कार्यक्रम पावणेआठ झाले तरी सुरू नाही. दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, बाराची परवानगी वर्षातल्या ठरावीक दिवसांना असते आणि तो दिवस त्यात नव्हता. मामेभाऊ आला आणि म्हणाला चार गाण्यात आटपा. मी व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज त्याच्यासमोर धरला. त्यावर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "लोक तिका बघूक इलेत, तुमका न्हय. तुमी तिच्या जिवार वाजवतास." ढोलकीवाल्याने ढोलकीची पिशवी उचलली होती, खरं सांगतो, मीच त्याला धरून ठेवला.

हे सगळं चाललेलं त्या मुलीने ऐकलं, शाळेचा एक वर्ग तिला तयारीला दिला होता तो स्टेजच्या मागेच. ती बाहेर आली आणि मामेभावाला म्हणाली, त्यांचा वेळ कापू नका, यांच्या शेवटच्या दोन गाण्यांना मी येऊन गाते, तेवढ्यात माझे वादक एकेक करून बसतील, मधला वेळ जाणारच नाही. वयाने आमच्या मुलींएवढी, पण धंदा कळणारी. आणि तसंच केलं. आम्ही पूर्ण लिस्ट वाजवली. शेवटच्या दोन गाण्यांना ती आली, पट्टी विचारली, मी पांढरी चार म्हटलं, ती म्हणाली चालेल, आणि सरळ उचललं. दुसरं गाणं चालू असताना त्यांचा ड्रमर बसला, मग त्यांचा बेस, मी शेवटचा उठलो. एक सेकंद आवाज थांबला नाही. अमेरिकेतले लोक दोन सेटच्या मधल्या वेळाचं नियोजन मिनिटामिनिटाने करतात ते याच्यासाठी.

आणि दहाच्या आत तिला थांबावं लागलं. शेवटी गाणारी ती, वेळ सगळ्यात कमी तिला मिळाला. तेव्हा शेवटची जागा म्हणजे मान हे डोक्यातून काढून टाका. शेवटच्या माणसाच्या डोक्यावर घड्याळ असतं, आधीच्या प्रत्येकाचा उशीर त्याच्या वाट्याला येतो, आणि तिकडच्या उघड्या अँफीथिएटरांनाही आवाज बंद करायची वेळ ठरलेली असते.

आणि गर्दी कोणाची? सत्कार चालू असताना वाडीतल्या बायका चटया टाकून पुढे बसलेल्या, मुंबईची मुलगी साडेआठला आहे हे फ्लेक्सवर छापलेलं असताना. त्या कोणाला ऐकायला आल्या होत्या? आमचं जुनं हळदीचं गाणं सुरू झालं तेव्हा पहिल्या कडव्याला आमच्या माइकची गरजच उरली नाही. नंतर पोरं आली ती तिच्यासाठी आली, मान्य, पण त्यांनी आम्हालाही ऐकलं आणि त्या बायका तिच्यासाठीही बसून राहिल्या. दोन नावं एकत्र लावायची ती ह्याच्यासाठी लावायची.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मूळ गायिका नसण्याचा. आमचीही नव्हती. डिसेंबरात देवगडला कलमांना मोहोर आलेला असतो, फवारणीचे दिवस, ती म्हणाली जमणार नाही. मी तिला जाऊन विचारलं की नाव तेच लावू का, तर म्हणाली, "लावा रे, गाणी तुमचीच आसत. फक्त माझा फोटो घालू नको." संपलं. सिझर सिस्टर्सचंही मी असंच बघतो. जेक शिअर्स, बेबीडॅडी, डेल मार्किस हे तिघं आहेत, गाणी लिहिणारे आहेत, मॅट्रॉनिक येणार नाही हे तिकिटं विकण्याआधीच माहीत होतं, लपवलेलं काही नाही. फसवणूक तेव्हा, जेव्हा तिचा चेहरा पोस्टरवर आणि स्टेजवर दुसरीच. आम्ही तिची गाणी दुसऱ्या मुलीकडून तिच्यासारखी म्हणवून घेतली नाहीत. दोन द्वंद्वगीतं गाळली, एक आमच्या गायकाच्या पट्टीत खाली आणून वेगळ्या चालीच्या ठेक्यात बसवलं. ज्याची जागा त्याची, ती भरायला जाऊ नये, असं माझं मत आहे आणि कोणाला पटो न पटो.

मामेभाऊ अजून प्रत्येक लग्नात हेच म्हणतो की त्या दिवशी तिने तुम्हाला सांभाळून घेतलं. तिने सांभाळलं ते कार्यक्रमाला, आणि कार्यक्रम घसरला होता तो सत्कारांमुळे, आमच्यामुळे नाही. तिच्या वादकांनी जाताना आमच्या ढोलकीवाल्याचा नंबर घेतला आणि नंतर त्याला दोन सुपाऱ्याही दिल्या, जिवावर आलेल्यांचे नंबर कोणी घेत नाही.

तरी काही गोष्टी सांगायला हव्यात. अमेरिकेत केशाची गर्दी सिझर सिस्टर्सपेक्षा जास्त, हे खरंच आहे, आणि पैशाची वाटणी नेहमी अर्धीअर्धी होते असं नाही, ते ज्याच्या त्याच्या करारात असतं. आणि परत आलेला प्रत्येक बँड चांगलाच असं माझं म्हणणं नाही. एक जुना माणूस आणि बाकी सगळे भाड्याने आणलेले, नाव मात्र जुनं, असे प्रकार खूप आहेत, त्यांचं तिकीट मी काढणार नाही.

तुम्ही स्वतः कधी दोन नावांचा कार्यक्रम ठेवलात तर मानधनाच्या आधी नावाचं माप, गाण्याचा वेळ आणि साउंड चेकची वेळ लिहून घ्या, तोंडी होय होय वर जाऊ नका, आणि सत्कार कार्यक्रमाच्या आधी संपवा, मध्ये किंवा गाण्याच्या वेळेत नाही. दोन्ही ग्रुपचे ढोल, कीबोर्ड एकत्र वापरता येतील का ते आठवडाभर आधी फोनवर बोला. आणि मामेभाऊ हे वाचणार मला माहीत आहे, तर बाबा, यंदाच्या फ्लेक्सचं प्रूफ छापायला द्यायच्या आधी मला पाठव, मी घरीच आहे.