साधा सोफा घ्यायला गेलो तरी भांडण, मग आमचं पटतच नाही का?

हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी बरीच जोडपी विचारतात. सोफ्याच्या जागी कधी वॉर्डरोब असतो कधी पडदे असतात, पण सूर तोच, एवढ्याशा गोष्टीवरून इतकं होतं म्हणजे मुळातच काहीतरी चुकलंय. मला तसं वाटत नाही, आणि का ते एका केसवरून सांगते. दोघांची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

डोंबिवलीकडचं जोडपं, दोघंही नोकरीवाले, नवीन टू बीएचकेचा ताबा नुकताच मिळालेला, चार वर्षांची मुलगी. रविवारी दुपारी एका खूप मोठ्या फर्निचर स्टोअरमध्ये गेले, जिथे आत शिरलं की हॉल, बेडरूम, किचन असं सगळं मांडून ठेवलेलं असतं आणि ठरलेल्या वाटेनं फिरत फिरत काउंटरपर्यंत यायचं. जेवण धड झालेलं नाही, गर्दी, मुलगी प्रत्येक बेडवर चढतेय, हा फोनवर ईएमआयचं गणित करतोय, ही किमती बघून मनातल्या मनात बेरीज करतेय. दोन तास असे गेल्यावर तिला एल शेपचा सोफा आवडला आणि तो म्हणाला, नको, सोफा-कम-बेड बघू. ती म्हणाली, तुला माझं काहीच आवडत नाही. तो म्हणाला, तुला फक्त शो हवाय. तिथून आवाज चढले, लोक वळून बघायला लागले, शेवटी ती मुलीला उचलून रिक्षानं स्टेशनला गेली आणि तो पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिला. पुढचे कित्येक दिवस घरात कामापुरतं बोलणं.

माझ्याकडे आले तेव्हा दोघंही सोफ्याबद्दलच सांगत होते, रंग, किंमत, कापड टिकेल का नाही. मी सोफा बाजूला ठेवला आणि त्याला विचारलं, सोफा-कम-बेडवर झोपणार कोण? तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, आई. आई कराडला एकटी असते, वडील गेल्यापासून त्याच्या मनात होतं की तिला महिना दोन महिने तरी इकडे आणावं, पण बायकोला हे थेट विचारायची हिंमत होत नव्हती, म्हणून ते फर्निचरमधून येत होतं. आणि ती? तिला ते दुकानातच कळलं होतं. तिनं ऐकलं ते असं की सासूबाई कायमच्या येणार आणि मला न विचारता ठरलंसुद्धा. होम लोनचा अर्धा हप्ता माझ्या पगारातून जातो तरी माझ्या हॉलमध्ये काय असावं हे मी ठरवायचं नाही, हे बोलताना तिला रडू आलं. एवढा मोठा विषय, आणि तो बोलला गेला कुठे तर भुकेल्या पोटी, अनोळखी लोकांसमोर, किमतीचे टॅग बघत.

पूर्वी आपल्याकडे सुतार घरी यायचा, प्लायवूड आणायचा, सनमायकाच्या तुकड्यांचा कॅटलॉग चार दिवस घरात पडून असायचा, सगळे आपापलं मत द्यायचे. त्यातही कटकटी होत्याच, पण विचार करायला वेळ मिळायचा. आता तेच निर्णय एका दुपारी घ्यायचे, आणि तेही शंभर पर्याय समोर असताना. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी 2000 साली छापलेला जॅमवरचा प्रयोग प्रसिद्ध आहे, 24 प्रकार मांडले तेव्हा थांबून बघणाऱ्यांपैकी जेमतेम 3 टक्क्यांनी विकत घेतला, 6 च मांडले तेव्हा 30 टक्क्यांनी. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत असंच दिसलं असं नाही, पण आपल्याला काय हवंय हे आधी ठरलेलं नसेल तर जास्त पर्याय जड जातात, हे मला केसेसमध्ये सतत दिसतं. या दोघांचं तर घरात कोण राहणार हेच ठरलेलं नव्हतं.

म्हणून आम्ही आधी आईंचा विषय घेतला. सोपं नव्हतं. ती म्हणाली, येऊ दे, पण किती दिवस आणि मुलीच्या खोलीचं काय ते आधी बोलायचं. त्याला "किती दिवस" हा शब्दच लागला, आईला मुदत घालायची का म्हणून, त्यावर आमची दोन सेशन गेली आणि अजूनही तो विषय पूर्ण मिटलाय असं मी म्हणणार नाही. पण सोफ्याचं झालं, घरी टेप घेऊन हॉल मोजला, लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळणही मोजलं (सात फुटी सोफा खाली येऊन अडकलेला मी पाहिलाय), बजेटचा आकडा कागदावर लिहिला, ऑनलाइन बघून तीनच निवडले आणि मुलीला मावशीकडे ठेवून, जेवून, वर्किंग डेला सुट्टी टाकून गेले.

तिथेही वाजायला लागलं तर काय करायचं, हेही आधी ठरवलं होतं. अमेरिकेतले जॉन गॉटमन जोडप्यांवर अनेक वर्षं संशोधन करतायत, त्यांचं सांगणं असं की भांडताना नाडीचे ठोके मिनिटाला शंभरावर गेले की समोरच्याचं ऐकणंच होत नाही, आणि अंग शांत व्हायला किमान 20 मिनिटं लागतात. त्यामुळे दोघांपैकी कुणीही "चहा" म्हटलं की कॅन्टीनला जायचं, त्या वेळात फर्निचरवर चकार शब्द नाही, आणि तरी नाही जमलं तर काही न घेता घरी यायचं. रिकाम्या हातानं परत आलं तर दिवस फुकट गेला असं वाटतं, पण सतरंजीवर बसून अजून एक महिना काढता येतो हो.

एक मात्र वेगळं ठेवा. दुकानात चारचौघांत बायकोची अक्कल काढणं, तिच्या हातातलं कार्ड काढून घेणं, घरी गेल्यावर बघतो म्हणून धमकावणं, किंवा नवऱ्याचा पगार, त्याचे आईवडील यावरून प्रत्येक वेळी पाणउतारा करणं, हे थकव्यातून झालं म्हणून सोडून देऊ नका. बाहेर जायच्या आदल्या रात्रीच पोटात गोळा येत असेल तर खरेदीचं प्लॅनिंग करून काही होणार नाही, आधी एकट्यानं येऊन भेटा, जोडीनं नको. आणि बाईला मारहाणीची भीती असेल तर 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे लगेच फोन करा.